कॅचरच्या कानात कोण बोलू शकतं? बेसबॉलमधल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे नियम, सोप्या भाषेत

इंदूरच्या शाळा-कॉलेजांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणारी मुलंमुली आहेत, पण त्यांचे आईवडील क्रिकेट बघत मोठे झालेले. त्यामुळे मैदानाच्या कडेला बसलं की प्रश्नांची सरबत्ती ठरलेलीच. त्यातला हल्ली वारंवार येणारा प्रश्न घड्याळाचा असतो. सामना सुरू होण्याआधी अंपायर कॅचरला स्मार्टवॉच काढून ठेवायला सांगतो. तोच मुलगा घरी मोबाइलवर अमेरिकेतले सामने बघतो तेव्हा तिथला कॅचर गुडघ्याला बांधलेल्या नाहीतर मनगटावरच्या यंत्राची बटणं सर्रास दाबताना दिसतो. "काका, तिकडे अख्खं मशीन चालतं आणि आमच्या पोराचं साधं घड्याळ तेवढं खुपतं?" असं एका आईनं मला विचारलं. तिचा प्रश्न अगदी रास्त होता. दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा मात्र तो नाही, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे नियम यंत्राच्या विरोधात आहेत असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर नियम तीन गोष्टी बघतात: बोलतोय कोण, कुणाशी, आणि कुठे उभा राहून. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आधी इशाऱ्यांचा खेळ

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा तो पिचर, आणि बॅटरच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा तो कॅचर. पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो त्या होमप्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मीटर. कोणता चेंडू टाकायचा हे दोघांना आधी माहीत असावंच लागतं. वेगवान सरळ चेंडूची तयारी करून बसलेल्या कॅचरकडे अचानक खाली वळणारा चेंडू आला तर तो हातातून निसटतो आणि बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या एखाद्या टप्प्यावर, थांबलेला बॅटिंग संघाचा खेळाडू पुढे पळतो.

म्हणून कॅचर मांड्यांच्या मधे हात धरून बोटांनी इशारा करतो. एक बोट म्हणजे सहसा वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा, आणि पुढचं ज्याच्या त्याच्या संघाप्रमाणे. डाव्या हातातला ग्लोव्ह तो गुडघ्याच्या बाहेर असा धरतो की बाजूला उभ्या असलेल्या विरोधी कोचला बोटं दिसू नयेत. संध्याकाळी उजेड कमी झाला की पिचरलाही ती नीट दिसत नाहीत, मग काही कॅचर नखांना पांढरा किंवा भडक रंग लावतात, कुणी चिकटपट्टी लावतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती नखं चमत्कारिक वाटतात, पण साडेअठरा मीटरवरून तीन बोटं आणि चार बोटं यांतला फरक कळायला त्यांचा फार उपयोग होतो.

एवढी लपवाछपवी कशासाठी? ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू बॅटरपर्यंत पोहोचायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. शाळेतल्या मुलांचा वेग कमी असतो, तरी अर्ध्या-पाऊण सेकंदाचाच मामला. आता विचार करा, येणारा चेंडू वेगवान नाही एवढंच जरी बॅटरला आधी कळलं, तरी त्याचं निम्मं काम झालं.

डोळ्यांनी चोरलं तर चालतं, दुर्बिणीनं नाही

दुसऱ्या बेसवर पोहोचलेला बॅटिंग संघाचा खेळाडू पिचरच्या मागे उभा असतो आणि कॅचरची बोटं त्याला समोरच दिसतात. त्यानं ती बघून, अर्थ लावून, स्वतःच्या हालचालीतून बॅटरला सुचवलं तर तो गुन्हा नाही. बेसबॉलमध्ये हे कसब मानलं जातं, आणि अशा वेळी आपले इशारे बदलणं ही कॅचरची जबाबदारी. नवीन पालकांना हे पटायला जरा वेळ लागतो. पण त्या खेळाडूकडे जे आहे ते सगळं मैदानावरचंच आहे: स्वतःचे डोळे, स्वतःची स्मरणशक्ती, आणि दुसऱ्या बेसवर पोहोचण्यासाठी केलेली मेहनत.

बाहेरचं साधन आलं की मामला बदलतो. १९५१ साली न्यूयॉर्क जायंट्स संघानं आपल्या घरच्या मैदानात सेंटर फील्डच्या, म्हणजे बॅटरच्या बरोबर समोरच्या लांबच्या भागाच्या, मागच्या खोलीतून दुर्बिणीनं कॅचरचे इशारे टिपले आणि विजेच्या बझरनं ते आपल्या खेळाडूंपर्यंत पोहोचवले. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला बॉबी थॉमसननं मारलेल्या प्रसिद्ध होमरनवर (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) संघानं वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपद स्पर्धेत धडक मारली. ही सगळी यंत्रणा तपशीलवार उजेडात आली ती २००१ मध्ये, पन्नास वर्षांनी.

२०१७ साली बॉस्टन रेड सॉक्स संघाला दंड झाला तो स्मार्टवॉचमुळे. व्हिडिओ बघणारा माणूस इशारे ओळखून बाकावरच्या सहायकाच्या घड्याळावर कळवायचा आणि तिथून ते खेळाडूंपर्यंत जायचे. मुलाचं घड्याळ अंपायरला का खुपतं, याचं एक उत्तर इथंच मिळतं.

डबा वाजवून मिळवलेलं विजेतेपद

सगळ्यात गाजलेलं प्रकरण त्याच वर्षीचं, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाचं. सेंटर फील्डमधल्या कॅमेऱ्याचं चित्र डगआऊटजवळच्या पडद्यावर यायचं. डगआऊट म्हणजे मैदानाच्या कडेला संघाच्या बसण्याची जागा. तिथं बसलेले खेळाडू इशारे उलगडायचे आणि हळू, वळणारा चेंडू येणार असला की कचऱ्याचा डबा बडवायचे. डबा वाजला नाही तर वेगवान चेंडू. इतकं साधं, आणि इतकं परिणामकारक. संघानं त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. नोव्हेंबर २०१९ मध्ये संघाच्याच एका माजी पिचरनं जाहीरपणे सांगितल्यावर चौकशी झाली. जानेवारी २०२० मध्ये संघाला ५० लाख डॉलर दंड झाला, नवे खेळाडू निवडण्याचे दोन वर्षांतले पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे हक्क गेले, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभरासाठी निलंबित झाले आणि संघानं दोघांनाही काढून टाकलं. खेळाडूंना मात्र शिक्षा झाली नाही, आणि ते मला आजही खटकतं.

मग यंत्रालाच परवानगी कशी मिळाली?

चोरी रोखायची तर चोरण्यासारखं काही उघड्यावर ठेवायचंच नाही, असा विचार पुढे आला. एप्रिल २०२२ मध्ये मेजर लीगनं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगनं, पिचकॉम नावाच्या यंत्राला मान्यता दिली. कॅचर बटण दाबतो आणि पिचरच्या टोपीत बसवलेल्या पातळ पट्टीतून त्याला ऐकू येतं: कोणता चेंडू, कुठे टाकायचा. संदेश सांकेतिक केलेला असतो, त्यामुळे मधेच कुणी पकडला तरी उपयोग नाही. आणखी तीन क्षेत्ररक्षकांनाही तो ऐकता येतो. पुढच्या वर्षीपासून पिचरलाही बटणं दाबायची मुभा मिळाली.

इथं एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मेजर लीगमध्ये पिचकॉमवरून बोलतात ते मैदानावरचे खेळाडू, एकमेकांशी. डगआऊटमध्ये बसलेल्या कोचला त्यावरून सूचना देता येत नाहीत. बोटांनी जे व्हायचं ते आता बटणांनी होतं, एवढाच बदल.

शाळेच्या सामन्यात: आवाज एकाच दिशेनं

हौशी खेळात हेच चित्र नेमकं उलटं आहे. अमेरिकेतल्या हायस्कूल खेळांचे नियम एनएफएचएस ही राष्ट्रीय संस्था करते. तिनं २०२४ च्या हंगामापासून बेसबॉलमध्ये इलेक्ट्रॉनिक संपर्काला परवानगी दिली, पण ती चारही बाजूंनी बांधून. संघ क्षेत्ररक्षण करत असताना, डगआऊटमध्ये असलेला कोच, फक्त कॅचरशी, फक्त कोणता चेंडू टाकायचा ते सांगण्यापुरतं बोलू शकतो. यातली एक जरी अट मोडली तरी ते बेकायदा. कोच बोलत बोलत मैदानात आला, चालणार नाही. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, कानात यंत्र असलं, चालणार नाही. स्वतःचा संघ बॅटिंग करत असताना कुणाशीही बोलणं, अजिबात नाही.

आणि कॅचरनं उलट उत्तर द्यायचं नाही. रेल्वे स्टेशनवरच्या उद्घोषणेसारखं आहे हे: गाडी कुठल्या फलाटावर येणार ते तुम्हाला ऐकू येतं, पण तुम्ही स्पीकरला प्रश्न विचारू शकत नाही. याला एकतर्फी संपर्क म्हणतात.

एकतर्फीच का? कॅचर सगळ्या मैदानाचा साक्षीदार असतो. बॅटर प्लेटच्या किती जवळ उभा आहे, त्याचे पाय कसे आहेत, अंपायर खालचा चेंडू स्ट्राइक देतोय का (म्हणजे बॅटरच्या विरोधात मोजतोय का), हे त्याच्याइतकं कुणालाच दिसत नाही. त्याच्याकडे मायक्रोफोन दिला तर तो कोचचा मैदानावरचा वार्ताहर होईल. प्रत्येक चेंडूआधी कोच विचारणार, तो सांगणार, मग निर्णय. खेळ रखडणार आणि शेवटी दोन संघांऐवजी दोन कोचच खेळणार. शिवाय बोलणं फक्त एका दिशेनं असलं की तपासणीही सोपी होते. कॅचरच्या अंगावर मायक्रोफोन आहे का, एवढंच अंपायरला बघावं लागतं.

आता या नियमाचा एक मजेशीर परिणाम बघा. पिचरच्या कानात यंत्र नाही. म्हणजे कोचनं कॅचरला सांगितलं, तरी कॅचरपासून पिचरपर्यंतचे ते साडेअठरा मीटर पूर्वीसारखे बोटांनीच पार करायचे. दुसऱ्या बेसवरचा चलाख पोरगा ती बोटं बघू शकतोच. म्हणजे शाळेच्या पातळीवर चोरी बंद करणं हा नियमाचा मुख्य हेतू नाही. डगआऊट ते कॅचर हा रस्ता छोटा करणं, हा आहे.

पूर्वी हा रस्ता फार वळणावळणाचा होता. कोच कान, नाक, टोपी, कोपर अशा ठिकठिकाणी हात लावून इशारा करायचा, किंवा तीन आकडे ओरडायचा. मग कॅचर मनगटावरच्या छापील तक्त्यात तो आकडा शोधायचा आणि मग बोटं दाखवायचा. असे कागदी तक्ते आजही वापरतात आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक काहीच नसल्यानं यंत्राचे नियम त्यांना लागू होत नाहीत. प्रत्येक चेंडूला काही सेकंद जातात आणि सामन्यात चेंडू शेकड्यानं पडतात. आपल्याकडे डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शाळांच्या मैदानांवर दिवे नसतात. शेवटची इनिंग अंधारात गेल्याचं दुःख ज्यानं बघितलंय त्याला या सेकंदांची किंमत सांगावी लागत नाही.

क्रिकेटमध्ये हे होऊन गेलंय

ज्यांना हे सगळं परकं वाटतं त्यांनी १५ मे १९९९ आठवावा. विश्वचषक, होव्हचं मैदान, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि अ‍ॅलन डोनाल्ड यांच्या कानात छोटी यंत्रं होती आणि बाहेरून कोच बॉब वूल्मर बोलत होते. भारताची बॅटिंग सुरू असताना हे लक्षात आलं आणि पहिल्या ड्रिंक्सच्या वेळी सामनाधिकारी तलत अली यांनी ती काढायला लावली. तेव्हा याविरुद्ध लेखी नियमच नव्हता. वूल्मर यांनी लपूनछपून काही केलं नव्हतं, पण आयसीसीनं बंदी घातली.

२०१८ मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या खेळाडूंनाही स्मार्टवॉच काढून ठेवायला सांगितलं गेलं. तिथं कारण वेगळं होतं, सट्टेबाजांशी संपर्क होऊ नये हे. यंत्र तेच, भीती निराळी. बेसबॉलच्या नियमांत चिंता मुख्यतः समोरच्या संघावर अन्याय होण्याची आहे.

"मग बॅटरच्या कानात का नाही? तोही खेळाडूच आहे"

हा आक्षेप हुशार मुलं घेतात, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. क्षेत्ररक्षण करणारा संघ चेंडू ठरवतो, म्हणजे स्वतःचीच माहिती स्वतःच्याच माणसाला देतो. त्यात चोरलेलं काही नसतं. बॅटरच्या कानात बोलायला मात्र कोचकडे विशेष असं एकच काही असू शकतं: समोरचा पिचर आता काय टाकणार आहे. ती दुसऱ्याची माहिती. प्रेक्षकांतून कुणी कॅमेऱ्यावर बोटं टिपली, कोचला फोन केला आणि कोचनं बॅटरला सांगितलं, की ह्यूस्टनचा डबा शाळेच्या मैदानावर आला म्हणून समजा, तोही आवाज न करता. म्हणूनच बॅटिंग करणाऱ्या संघासाठी दार पूर्ण बंद आहे.

"पैसेवाल्या शाळांचंच फावणार"

यात तथ्य आहे. नियम परवानगी देतो, सक्ती करत नाही, पण ज्याच्याकडे साधन आहे त्याचा खेळ थोडा वेगानं चालणारच. तरी फरक वाटतो तितका मोठा नाही. यंत्रानं चेंडूचा वेग वाढत नाही आणि तो जास्त वळतही नाही. छापील तक्त्याची झेरॉक्स दोन रुपयांत निघते आणि तेच काम करते, फक्त थोडं सावकाश. आपल्या शाळांना पैसे खर्चायचेच असतील तर कॅचरचा मास्क, छातीचं पॅड आणि पायाची गार्ड आधी घ्यावीत. घासलेल्या पट्ट्यांचे मास्क लावून बारा-तेरा वर्षांची मुलं बसलेली मी बघतो, तेव्हा कानातल्या यंत्राची चर्चा मला गौण वाटते.

"मुलं स्वतः विचार करायचं सोडतील"

या आक्षेपाशी मी बराचसा सहमत आहे. यंत्राचे समर्थक म्हणतात, कोच इशाऱ्यांनी आधीही प्रत्येक चेंडू ठरवतच होते, आता फक्त माध्यम बदललं. हे खरं आहे. पण इशारे करणं कष्टाचं होतं. त्यामुळे कित्येक कोच अवघड प्रसंगीच सांगायचे आणि बाकीच्या वेळी कॅचरवर सोपवायचे. बटण दाबणं सोपं झालं की प्रत्येक चेंडूला दाबलं जातं.

कॅचर घडतो तो चुका करून. समोरच्या बॅटरनं मागच्या वेळी वेगवान चेंडू डावीकडे फटकावला, आता त्याचे पाय जरा मागे आहेत, म्हणजे तो काय शोधतोय? हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलानं स्वतःला विचारायचा, उत्तर चुकलं तर पिचरची नजर झेलायची, आणि पुढच्या वेळी बरोबर ठरवायचं. हेच तर शिकवायचं आहे! कानात सतत कोचचा आवाज असेल तर तो मुलगा हे शिकणार कधी? माझं म्हणणं असं, की लहान वयोगटात यंत्र असूच नये. मोठ्या मुलांच्या सामन्यात कोचनं निदान पहिल्या काही इनिंग कॅचरला स्वतः ठरवू द्यावं, आणि इनिंग संपल्यावर बाकावर बसवून विचारावं, "तो चेंडू का मागितलास?"

लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये नियम कडकच आहेत. सामना सुरू असताना खेळाडूंशी इलेक्ट्रॉनिक संपर्क करायला बंदी आहे आणि केला तर मैदानाबाहेर काढतात. ते मला योग्य वाटतं.

बाकावरचा मोबाइल, टॅब आणि श्रवणयंत्र

मग कोचच्या हातातला टॅब बघून पालक चिडतात, तेही सांगायला हवं. त्याच लिटल लीगमध्ये स्कोअर लिहिण्यासाठी आणि पिचरचे चेंडू मोजण्यासाठी अ‍ॅप वापरायला परवानगी आहे. चेंडू मोजणं हे मुलांच्या खांद्या-कोपराच्या रक्षणासाठी असतं: ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडू, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. टॅबवर आकडे असतील तर काही बिघडत नाही. त्यावर समोरच्या कॅचरचा व्हिडिओ चालू असेल तर हरकत घ्यायलाच हवी.

श्रवणयंत्राचा मुद्दा नाजूक आहे. ते वैद्यकीय साधन आहे, मुलाचा हक्क आहे, आणि त्यावरून त्याला बाहेर बसवणं अन्यायाचं ठरेल. पण हल्लीची श्रवणयंत्रं ब्लूटूथनं मोबाइलला जोडता येतात. यावर साधा उपाय आहे. पालकांनी सामन्याआधी अंपायरला आणि समोरच्या कोचसरांना बाजूला घेऊन सांगावं, जोडलेला मोबाइल आपल्याकडे ठेवावा, आणि सगळ्या मैदानासमोर मुलाची तपासणी होण्याची वेळच येऊ देऊ नये.

आपल्या स्पर्धांत काय करावं

प्रत्येक सामन्याआधी अंपायर आणि दोन्ही संघांचे प्रमुख होमप्लेटपाशी भेटतात, खेळाडूंची यादी देतात-घेतात आणि त्या मैदानापुरत्या अटी ठरवतात: झाडाला चेंडू लागला तर काय, भिंतीपलीकडे गेला तर काय. उपकरणांचा विषय तिथंच काढावा. बहुतेक वाद तिसऱ्या-चौथ्या इनिंगमध्ये, कुणीतरी हरायला लागल्यावर सुरू होतात, तेव्हा काहीही ठरवलं तरी ते पक्षपाती वाटतं.

आयोजकांना माझी विनंती आहे की पत्रकातच चार ओळी छापाव्यात. मैदानावरच्या कुठल्याही खेळाडूनं स्मार्टवॉच, मोबाइल किंवा इयरफोन बाळगू नये. स्कोअर लिहिणारा टॅब एकच, आणि तो कुणाच्या हातात ते आधी सांगावं. कॅचरसाठी एकतर्फी यंत्र चालणार की नाही, आणि चालणार असेल तर कुठल्या वयोगटापासून. सेंटर फील्डच्या बाजूनं मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या काका-मामांनी बसायचं कुठे, हेही लिहावं. त्यांचा हेतू निव्वळ कौतुकाचा असतो, पण त्या कोपऱ्यातून कॅचरची बोटं स्पष्ट दिसतात.

आणि परवानगी दिलेलं यंत्र मधेच बंद पडलं तर? त्यासाठी सामना थांबवू नये, असंही त्याच पत्रकात असावं. कोचनं पूर्वीसारखे हातवारे करावेत, कॅचरनं बोटं दाखवावीत आणि अंपायरनं पुढच्या चेंडूला हाक द्यावी.